कर्लमूरची पाटी

१

आमच्या फडताळात कपबशांच्या खाली एक जाड फडकं अंथरलेलं असायचं. घर रेल्वेच्या भरावाला अगदी लागून. गाडी वरून गेली की कप एकमेकांना लागून किणकिणत आणि लेटीला तो आवाज मुळीच खपत नसे. पुढे गाड्या बंद झाल्या, रूळही उखडून नेले. त्याला बरीच वर्षं झाली, तरी लेटी ते फडकं धुऊन, इस्त्री करून पुन्हा कपांखाली घालायचीच.

मी एकदा म्हटलं, "आता कशाला? वरून जाणार कोण, मेंढ्या?"

"माझी सवय आहे. तुझ्या का पोटात दुखतंय?"

लेटी माझी थोरली बहीण. कर्लमूर हॉल्ट चालू होता तोवर तिथली ती एकटीच नोकर. तिकिटं द्यायची, कंदील पुसायचे, दुधाचे कॅन चढवून द्यायचे, गाडीची दारं लागली का बघायचं आणि गार्डला हिरवा बावटा दाखवायचा. मी गिल हेंब्रो, वाळुंजाच्या काड्यांच्या टोपल्या विणतो. लढाई संपल्यावर तिच्याकडे राहायला आलो तो तिथलाच झालो. ती विधवा, मी बिनलग्नाचा. भांडण रोजचं, जेवण मात्र वेळेवर.

कर्लमूरला स्टेशन म्हणणं म्हणजे डबक्याला समुद्र म्हणणं. भरावावर लाकडी फळ्यांचा आखूड फलाट, त्यावर पत्र्याची एक शेड, आणि खाली यायला एक उतरती वाट. ती वाट आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून, एका छोट्या फाटकातून गावच्या रस्त्याला मिळायची. गाडी तिथं आपण होऊन थांबत नसे. चढायचं असेल तर फलाटावर उभं राहून हात आडवा धरायचा. उतरायचं असेल तर आधीच गार्डला सांगून ठेवायचं. दोन्ही नसेल तर गाडी शीळ घालून निघून जायची.

२

त्या साली, सफरचंदं उतरवायच्या दिवसांत, ट्रेडगोल्डसाहेब आमच्या दाराशी आले. ब्रिस्टलच्या बँकेतून निवृत्त होऊन ते नुकतेच गावात राहायला आले होते. गोल, गुलाबी, सदा हसतमुख माणूस. हॅट काढल्याशिवाय मांजराशीसुद्धा बोलायचे नाहीत. हॉल्टचा इतिहास लिहायचा, फलाट पूर्वीसारखा उभा करायचा, असं त्यांनी मनावर घेतलं होतं.

"पिमबाई, तुमच्याशिवाय या थांब्याचा इतिहास म्हणजे मिठाशिवाय बटाटा!"

"मग मीठ कमी खा. तुमच्या वयाला बरं असतं," लेटी म्हणाली. पण त्यांना चहा दिला, आणि केकही.

माणूस लाघवी होता. महिनाभरात त्यांनी निम्मं गाव कामाला लावलं. काटेरी झुडपं तोडली, कुजक्या फळ्या बदलल्या, शेडला हिरवा रंग दिला. झुडपांखाली एक जुनी तारही निघाली. पुढचा सिग्नल ओढायला भरावाच्या कडेनं खुंट्यांवरून जी तार जायची, तीच. सिग्नलचा खांब कधीच कापून नेला होता. तार मात्र गंजून, मेलेल्या सापासारखी गवतात लोळत राहिली होती. कुणालाच ती उचलून न्यावीशी वाटली नाही.

डिसेंबरात पाटी सापडली. गावातल्या जेसी हॅगेटनं तिचं डुकरांच्या खुराड्याला दार केलं होतं. ट्रेडगोल्डसाहेबांनी ती धुऊन घेतली, अक्षरं पुन्हा पांढरी केली, आणि कौतुकानं आमच्याकडे आणून भिंतीला टेकवून उभी केली. कर्लमूर हॉल्ट. डुकरांच्या दातांच्या खुणा तेवढ्या राहिल्या होत्या.

लेटीनं पाटीकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "शेड रंगवलीत, चांगलं केलंत. फुलझाडंही लावा हवी तर. पाटी नका लावू."

"का हो?"

"जिथं गाडी येत नाही, तिथं नाव कुणी वाचायचं?"

"आम्ही वाचू की!" साहेब खळखळून हसले.

लेटी हसली नाही.

३

जानेवारीत नदी फुगली. दरवर्षीप्रमाणे सगळी कुरणं पाण्याखाली गेली आणि भराव तेवढा दोन्ही बाजूंच्या पाण्यातून काळ्या पट्टीसारखा वर राहिला. त्याच आठवड्यात पाटी खांबांवर चढली.

दुसऱ्या दिवशी मी शेकोटीशी बसून पाव भाजत होतो. लेटी किटली घेऊन उभी होती. बाहेर अजून उजेड होता. धुक्यातून येणारा, पाण्यासारखा पांढुरका उजेड.

किण.

मी वर पाहिलं. पुन्हा किण, किण. मग सगळे कप अगदी बारीक आवाजात थरथरायला लागले, आणि थांबले.

चमत्कारिक वाटलं ते कपांचं नव्हे. लेटीनं कपांकडे पाहिलंच नाही. तिनं घड्याळाकडे पाहिलं. टॉन्टनहून संध्याकाळची गाडी यायची, ती वेळ होती.

"डोंगरात सुरुंग लावला असेल," मी म्हणालो. तिकडे दगडाच्या खाणी आहेत.

"असेल," ती म्हणाली आणि चहा ओतू लागली.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. एखादा अवजड ट्रक जातोय का, कुठं धक्का बसतोय का, ते पाहावं म्हणून. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घरात परत आलो तर लेटी दोन्ही तळहातांनी कप दाबून धरून उभी होती, रडणाऱ्या मुलाला थोपटावं तशी.

"आज जास्त वेळ वाजले," एवढंच ती म्हणाली.

४

मी काही भित्रा माणूस नाही. ज्या गोष्टीचं कारण कळत नाही तिचं कारण आपल्याला अजून कळलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ, असं मी मानत आलोय. म्हणून दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी मी भरावावर गेलो.

वारा नव्हता. दोन्हीकडचं पाणी शिशासारखं पडलेलं. भरावाच्या कडेकडेनं, उथळ पाण्यात, टिटव्यांचे थवे उभे होते. दृष्टी पोचेल तिथवर, थोड्याथोड्या अंतरावर. मी फलाटाच्या टोकाशी उभा राहिलो. पाटीची पांढरी अक्षरं त्या राखाडी उजेडात जरा जास्तच ठसठशीत दिसत होती.

पायाशी काहीतरी टणत्कारलं.

वाकून पाहिलं. सिग्नलची तार. गवतात लोळणारी ती तार खुंट्यांवर ताठ ओढली गेली होती, टोपलीच्या काठाला आम्ही काडी ताणतो तशी. मी बोट लावलं. तार आतून थरथरत होती. तिचं दुसरं टोक कशालाही बांधलेलं नव्हतं, हे मी स्वतः पाहिलेलं होतं.

तेवढ्यात दूर, टॉन्टनच्या बाजूला, टिटव्यांचा एक थवा उडाला. मग त्याच्या अलीकडचा. मग त्याच्याही अलीकडचा. ओरडणं नाही, काही नाही; पांढरी पोटं उलटीपालटी होत एकेक थवा उठत होता आणि ते उठणं भरावाच्या कडेनं माझ्याकडे येत होतं. ससाणा असेल, मी मनाशी म्हणालो. पाण्यालगत उडणारा ससाणा. डोळे फाडून पाहिलं. ससाणा नव्हता.

माझ्याजवळचा थवा उठला. भरावाच्या दोन्ही अंगांनी पाण्यावर बारीक लहरी सुटल्या. आणि माझ्या उजव्या गालाला ऊब लागली. वारा नाही, नुसती ऊब. दमट लोकरीचा, कोळशाचा, बंद डब्यात दाटीनं बसलेल्या माणसांचा वास असलेली. ती गालावरून सरकत गेली. पाटीपाशी तिची चाल मंदावली. पलीकडचे थवे फार सावकाश उठले, एक उठला आणि बऱ्याच वेळानं दुसरा, जणू जे चाललं होतं ते निरखून निरखून चाललं होतं.

मग तार सैल होऊन गवतात पडली.

मी घरी आलो. ससाण्याचंच कारण मी मनाशी धरून ठेवलं, पण त्या दिवशी पाव भाजला नाही.

५

"पाटी लागल्यापासून ती हळू होतेय," लेटी म्हणाली.

आम्ही शेकोटीशी बसलो होतो. 'ती' म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

"आधीही जात होती?"

"अधूनमधून. धुकं असलं की. तू तुझ्या टोपल्यांपाशी असायचास. सुसाट जायची, कप एकदाच वाजायचे. मी म्हणायचे, जाऊ दे, आपल्याला काय करायचंय. तिला ठाऊकच नव्हतं की इथं थांबा आहे."

"लेटी, रूळ नाहीत गं वर."

"मला सांगतोस? माझ्या डोळ्यांदेखत नेलेत ते."

मग तिनं जे कधी काढत नसे ते काढलं. आर्ची. आर्ची पिम, तिचा नवरा, लढाईत बोटीवर खलाशी म्हणून गेला तो याच फलाटावरून. बोट बुडाली. देह मिळाला नाही, कबर नाही. भयंकर हट्टी माणूस. मला तर तो बैलच वाटायचा. जाताना लेटीनं दिलेला मफलरसुद्धा त्यानं घेतला नव्हता, कारण त्याच्या मते थंडी नव्हती.

"लढाईत सगळ्या स्टेशनांच्या पाट्या काढल्या होत्या, आठवतं?" ती म्हणाली. "शत्रू उतरला तर त्याला कळू नये म्हणून. दिवेही नाहीत. मी काळोखात फलाटावरून चालत ओरडायचे, 'कर्लमूर! कर्लमूर हॉल्ट!' आतली माणसं माझ्या आवाजावर उतरायची. आवाज नाही तर पाटी, काहीतरी लागतंच ना माणसाला? घर कुठं आलं ते कळायला?"

तिनं शेकोटीत एक लाकूड सरकवलं. मग म्हणाली, "गिल, पाटी काढायला सांग साहेबांना. शनिवारी फलाटाचं उद्घाटन आहे, त्याच्या आधी."

मी ट्रेडगोल्डसाहेबांकडे गेलो. काय सांगायचं ते ठरवून गेलो होतो, पण त्यांच्या उबदार दिवाणखान्यात, त्यांच्या बायकोनं, इनिडबाईंनी, हातात पेला दिल्यावर ते सगळं खुळ्यासारखं वाटू लागलं. "लेटीला जुन्या आठवणींचा त्रास होतो," एवढंच मी म्हणालो.

"अहो, म्हणूनच तर!" साहेबांचे डोळे खरोखर भरून आले. "जे गेले त्यांची आठवण राहावी म्हणूनच तर हा खटाटोप. पिमबाईंना म्हणावं, शनिवारी पहिल्या रांगेत खुर्ची तुमची."

६

शनिवारी धुकं होतं. तरी निम्मं गाव आलं. फलाटावर खुर्च्या मांडल्या होत्या, शेडमध्ये चहाचं मोठं पिंप, सॅंडविचं, इनिडबाईंचा आल्याचा केक. जेसी हॅगेटनं पाटीसमोर उभं राहून विचारलं, "माझ्या डुकरांची नावं नाही का घातली?" आणि सगळे हसले. लेटी आली नव्हती. ती घरात खिडकीशी बसून होती.

ट्रेडगोल्डसाहेबांनी भाषण केलं. हॉल्ट कसा आला, कुणाकुणाच्या मुली इथून शाळेत गेल्या, कुणाच्या लग्नाचं वऱ्हाड इथं उतरलं. छान बोलले. शेवटी म्हणाले, "आणि मंडळी, लहान मुलांना हे माहीत नसेल. कर्लमूरला गाडी थांबवायची तर काय करायचं? असं!"

ते फलाटाच्या काठाशी गेले, अंग ताठ केलं आणि उजवा हात आडवा पसरला.

मी ओरडायला हवं होतं. मी मागच्या रांगेत होतो, हातात बशी होती. मी टॉन्टनच्या दिशेला पाहत होतो. धुक्यात टिटव्या दिसत नव्हत्या, पण पंख ऐकू आले. दूर फडफड. मग अलीकडे. मग आणखी अलीकडे. फलाटाच्या फळ्या माझ्या बुटांखाली हलक्याच थरथरल्या. चहाच्या पिंपाचं झाकण वाजायला लागलं. एक बाई म्हणाली, "अगं बाई, उकळी आली वाटतं."

झाकण वाजायचं थांबलं. सगळं थांबलं.

ट्रेडगोल्डसाहेबांनी हात खाली घेतला. त्यांची नजर डावीकडून उजवीकडे सरकत गेली आणि एका जागी स्थिरावली. चेहऱ्यावर मोठं आश्चर्य उमटलं, आणि लगेच त्याची जागा शिष्टाचारानं घेतली. त्यांनी हॅट उचलली आणि एक पाऊल मागे, बाजूला सरले. आपण गाडीत चढण्याआधी उतरणाऱ्यांना वाट देतो तसे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "काय हुबेहूब नक्कल केली!" कुणीतरी म्हणालं.

साहेब तसेच उभे राहिले.

७

थंडी एकाएकी वाढली, तेव्हा मंडळी भराभर पांगली. इनिडबाई केकची भांडी घेऊन घरी गेल्या. साहेब मागे खुर्च्या आवरतील, असं सगळ्यांनीच गृहीत धरलं. मीही. खरं सांगायचं तर मला तिथून खाली यायचं होतं आणि कारण मिळालं की माणूस ते तपासत नाही.

लेटीनं दार आतून लावून घेतलं. आम्ही चहा घेतला नाही. उजेड उतरत होता.

आमच्या फाटकाला साखळीनं लोखंडी वजन बांधलेलं होतं. उघडून सोडलं की ते आपोआप धाडकन मिटे. गाड्या होत्या तेव्हा लेटी आत बसूनच त्या आवाजावरून सांगायची, आज किती उतरले.

फाटक वाजलं.

"साहेब आले असतील," मी म्हणालो.

पुन्हा वाजलं. पुन्हा. उघडताना कुरकुर, मिटताना धाड. मधे माणूस जायला लागतो तेवढाच वेळ. मी खिडकीचा पडदा सारला. फाटक उघडत होतं, मिटत होतं. वाटेवर कुणी नव्हतं. फक्त फाटकाच्या अलीकडची चिखलाची वाट ओली चकचकीत होत चालली होती, आणि ती चकाकी रस्त्याकडे न जाता कुंपणाच्या कडेनं खाली, बुडालेल्या कुरणाकडे उतरत होती.

"वाऱ्यानं होतंय," मी म्हणालो.

"कुठाय वारा?" लेटी म्हणाली.

किती वेळ ते चाललं कुणास ठाऊक. कर्लमूरला इतकी माणसं कधी उतरली नव्हती. लढाई संपल्यावरसुद्धा नाही. मग एकदा फाटक उघडलं आणि मिटलंच नाही. वजन साखळीला लोंबकळत राहिलं. मागून येणाऱ्यासाठी कुणी दार धरून ठेवावं, तसं ते उघडं धरलेलं राहिलं.

त्याच वेळी पुढच्या दारावर थाप पडली. आम्ही दोघंही दचकलो. इनिडबाई होत्या, रस्त्याच्या बाजूनं आलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या.

"आमचे हे तुमच्याकडे आहेत का हो? अजून घरी आले नाहीत. त्यांचा चहा गार झाला."

लेटीनं माझ्याकडे पाहिलं. मग उठून खुंटीवरचा जुना काळा कोट घातला. "तुम्ही इथं शेकोटीशी बसा," ती इनिडबाईंना म्हणाली. "काही वाजलं तरी बाहेर येऊ नका. चल गिल."

८

त्या उघड्या फाटकातून आम्हाला वर जावं लागलं. दुसरी वाट नव्हती. लेटी पुढे होती. फाटकाशी आल्यावर ती क्षणभर थांबली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आभारी आहे." मग आत गेली. मी अंग चोरून तिच्या मागून गेलो. माझ्या पाठीमागे फाटक हळूच मिटलं.

चढावर आम्ही वाटेच्या एका कडेनं चाललो. मधूनमधून गालाला ती ऊब लागत होती; वरून खाली येणारी, आम्हाला ओलांडून जाणारी.

ट्रेडगोल्डसाहेब होते तिथंच होते. हॅट छातीशी धरलेली, केस धुक्यानं भिजून कपाळाला चिकटलेले, ओठ निळे. मी त्यांचा दंड धरला. लाकडासारखा लागला.

"साहेब, चला. इनिडबाई वाट बघताहेत."

"जरा थांबा, हेंब्रो." आवाज अगदी मऊ, समजुतीचा. "लोक उतरताहेत अजून. धक्काबुक्की बरी दिसत नाही."

"कोण उतरतंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "किती थकलेत बिचारे," ते म्हणाले.

लेटी आमच्या पुढून गेली. तिची पाठ ताठ झाली होती. तिचा असा चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, नोकरीवरचा चेहरा. फलाटाच्या पार टोकाला जाऊन ती वळली आणि मोठ्यानं, खणखणीत आवाजात ओरडली, "बाजूला व्हा! दारं लावतेय! बाजूला व्हा!"

आणि तिनं हवेत हात घालून काहीतरी ढकललं.

धाड.

जड लाकडी दार मिटल्याचा आवाज. आमच्या पिढीतला कुणीही तो आवाज झोपेत ओळखेल. ती पुढे सरकली. धाड. पुढचं. धाड. मी साहेबांना घट्ट धरून उभा होतो. मला तिच्यापुढे मोकळं धुकं दिसत होतं आणि दारं लागत होती.

आमच्यापासून थोड्या अंतरावर, पाटीच्या खाली, ती थबकली. इथं ढकललेलं दार मिटलं नाही. तिनं खांदा लावला. दार तिच्याकडे परत ढकललं गेलं, अगदी थोडं. आतून कुणीतरी ते धरून ठेवलं होतं.

लेटीनं मान वर केली. गाडीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाशी खालून बोलताना करतात तशी. त्या वेळी मी पाहिलं: तिच्या एका गालावर, कानाशी, कोटाच्या कॉलरवर पिवळा उजेड पडला होता. दिव्याचा, उबदार, घरगुती. फलाटावर कुठंही दिवा नव्हता. त्या उजेडात काहीतरी मधे आलं असावं, कारण एक सावली तिच्या तोंडावरून हळूच सरकली आणि तिथंच राहिली. हाताएवढी.

तिचे ओठ हलले. शब्द मला ऐकू आले नाहीत. ती बोलली, ऐकून घेतलं, मान हलवली, पुन्हा बोलली. मग दोन पावलं मागे सरकली.

ते दार आतूनच लागलं. हळूच, धाड न करता.

लेटीनं गळ्याभोवतीचा हिरवा रुमाल सोडला आणि हात उंच करून हलवला. फळ्या थरथरल्या. दूर, एकेक करून, पंख फडफडत गेले. तार खालच्या गवतात सुटून पडली आणि ट्रेडगोल्डसाहेब माझ्या अंगावर कोसळले.

९

साहेब वाचले. फुफ्फुसांना सूज आली होती. वसंतापर्यंत अंथरुणात होते. त्या दिवसाचं त्यांना काही आठवत नाही, किंवा तसं ते म्हणतात. पुढं ते इनिडबाईंसह ब्रिस्टलला परत गेले. हॉल्टचा इतिहास राहिला तो राहिलाच.

पाटी मी त्याच रविवारी सकाळी खाली उतरवली आणि कुऱ्हाडीनं फोडली. गावात कुणी विचारलं नाही. जेसी हॅगेट तेवढा म्हणाला, "माझ्या खुराड्याला दार हवं होतं रे." मी त्याला नवं करून दिलं.

मार्चात पाणी ओसरलं. आमच्या कुंपणाखालचं कुरण उघडं पडलं तेव्हा तिथलं गवत सपाट झोपलेलं दिसलं, जत्रा उठल्यावर मैदान दिसतं तसं. त्याच्या कडेला, नदीच्या बाजूला, ते पुन्हा उभं होतं. उतरलेले कुठं गेले असतील, हा विचार मी फार करत नाही. ज्या गावी ते जाणार होते, त्या गावी ते गेले असतील.

लेटीला मी बरेच दिवस काही विचारलं नाही. ती पूर्वीसारखीच होती: पाव करपला की बोलायची, कपडे वेळेवर धुवायची. फक्त जेवताना मधेच हात थांबायचा. एप्रिलमध्ये एका दुपारी आम्ही दारात बसून काड्या सोलत होतो. ऊन चांगलं पडलं होतं. मी खाली बघत विचारलं, "लेटी, त्या शेवटच्या दारात कोण होतं गं?"

तिनं हातातली काडी सोलून पूर्ण केली, बाजूला ठेवली.

"आर्ची," ती म्हणाली.

मी हातातली काडी खाली ठेवली.

"दिसला नाही नीट. उजेड त्याच्या मागून होता. पण आवाज तोच. 'लेटी, हेच का ते? कर्लमूर आलं का?' असं विचारत होता. त्याच्या वर पाटी होती रे, डोक्यावर, पण दारातून ती दिसत नसावी. थंडीनं कुडकुडत होता."

"मग?"

"मागे वाट अडवून बाकीचे उभे होते, गिल. खूप होते. तो उतरला असता तर सगळे त्याच्या मागून उतरले असते, आणि ते दार मला मग कधीच लावता आलं नसतं. साहेब तिथंच उभे राहून मेले असते." तिनं कोटाच्या बाहीनं नाक पुसलं. "मी म्हटलं, 'नाही हो. कर्लमूर अजून पुढे आहे. बसा आत.' त्यानं पुन्हा विचारलं, 'नक्की ना?' मी म्हटलं, 'नक्की.'"

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो झिडकारला नाही.

"एवढा संसार केला त्याच्याबरोबर," ती शेवटी म्हणाली, "पण कधी म्हणून माझं ऐकलं नाही त्यानं. त्या दिवशी ऐकलं."